चहाच्या मळ्यातल्या ओढ्यात पाणमांजर? आणि नुसते खेकडेच खातं का?

भटकभवानी
फेब्रुवारीत वालपराईला गेलो होतो, तमिळनाडूत अन्नामलाईच्या डोंगरात. होमस्टेच्या खाली चहाचा मळा, मळ्यातून ओढा, जेमतेम गुडघाभर पाणी. सकाळी एका सपाट दगडावर विष्ठेचा ढीग दिसला, मला वाटलं मुंगूस असेल पण काडीने उकललं तर आत सगळे खेकड्याच्या कवचाचे लालसर कडक तुकडे, अंड्याच्या टरफलासारखे, आणि वास एकदम मासळी बाजाराचा. सोबतचा माणूस म्हणाला नीर नाय, म्हणजे पाण्यातला कुत्रा (आपण मांजर म्हणतो ते कुत्रा म्हणतात, असो). प्रश्न दोन. हा प्राणी खरंच नुसत्या खेकड्यांवर जगतो का? आणि चारी बाजूंनी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल असताना मळ्यात कशाला येतो?

खेकडेवाला
ते लहान नखांचं पाणमांजर असणार, जगातली सगळ्यात छोटी जात, वजन साधारण ३ ते ५ किलो. नखं इतकी आखूड की बोटांच्या टोकापुढे येतच नाहीत, त्यामुळे बोटं मोकळी राहतात आणि ते दगडाखाली हात घालून चाचपत खेकडा बाहेर काढतं, आपली पोरं व्हाळात काढतात ना अगदी तसं. बाकीची बरीचशी पाणमांजरं तोंडाने मासा धरतात, हे हाताने धरतं. मागच्या दाढा रुंद असतात, कवच कडाकडा फोडायला. पण *नुसते* खेकडे नाही हां, शंखगोगलगायी, पाणकिडे, बेडूक, छोटे मासे सगळं चालतं. विष्ठेत कवच तसंच राहतं आणि बेडकाचं मऊ मांस पचून जातं, म्हणून ढीग बघून आपल्याला वाटतं की सगळं खेकडंच खाल्लंय.

खाडीकाठचा
आमच्या मालवणकडे पण आहेत, आम्ही ऊद म्हणतो. पण ते मोठे, टोळीने खाडीत मासे मारतात आणि जाळ्यातला मासा पळवतात म्हणून बाबा सकाळी सकाळी त्यांच्या नावाने शिव्या घालतात. खेकडे फोडत बसलेले मी तरी बघितले नाहीत. (उदमांजर म्हणू नका प्लीज, ते झाडावरचं वेगळं.)

खेकडेवाला
@खाडीकाठचा ते वेगळे, मऊ केसांचं पाणमांजर, ७ ते ११ किलोचं. त्याला मोठी नदी, खाडी, धरणाचं पाणी लागतं. छोटं वाला वर डोंगरातल्या उथळ ओढ्यात राहतं. दोघांचं ताट वेगळं त्यामुळे भांडण कमी.

सावलीतलीकॉफी
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते, कोडगूत (कूर्गला) कामानिमित्त चार वर्षं काढली आहेत. त्याला मळा आवडतो असं नाही हो, त्याला *ओढा* हवा असतो, आणि तो ओढा जंगलातून निघून मळ्यातूनच जातो! उथळ डबकी, मोठे धोंडे, काठाला गवत किंवा झुडपं, दिवसा लपायला फट, एवढं असलं की ते कॉफी-वेलदोड्यातही दिसतं, तिथे निदान सावलीची झाडं ठेवलेली असतात. चहात काठापर्यंत साफसफाई केली, वरून औषध फवारलं की खेकडे जातात, आणि खेकडे गेले की हेही जातं. माणसाची वर्दळ असेल तर रात्रीच बाहेर पडतं, त्यामुळे मळेवाल्यांनाही पत्ता नसतो. खरा वैताग म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारे, एका रात्रीत अख्खा कोंड मेलेला असतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण, २०१९ पासून साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात पण, कारण पाळायला म्हणून पिल्लांची तस्करी चालायची. पण ओढ्यात पावडर ओतणाऱ्याला ह्याचं काय.
@भटकभवानी त्या दगडाजवळच्या चिखलात ठसे होते का? नखांच्या खुणा नसतील तर जवळजवळ नक्की तेच.

भटकभवानी
आत्ता फोटो झूम करून बघितला. मापासाठी ठेवलेल्या काडेपेटीच्या बाजूला अर्धा ठसा आहे, बोटं गोल गोल, नखं नाहीत!! आणि ढिगात माशाचे दोनतीन खवले पण चमकतायत, तेव्हा लक्षच गेलं नव्हतं. वरच्या अंगाला काठाची झुडपं ठेवलेली होती, खाली मात्र पार पाण्यापर्यंत चहा. ढीग वरच्याच बाजूला होता.