मदत हवी आहे: ग्लॅटिरामर टोचल्यावर छातीत दडपण. साधी रिॲक्शन की ॲलर्जी, ओळखायचं कसं?

अनाहत_७

नमस्कार मंडळी. एमएसचं (मल्टिपल स्क्लेरॉसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) इंजेक्शन घरच्या घरी घेणारं इथे कुणी असेल तर कृपया वाचा.

मला रिलॅप्सिंग-रेमिटिंग एमएस आहे, म्हणजे आजार अधूनमधून उसळतो (रिलॅप्स) आणि मधे ओसरतो. त्यावरचं औषध ग्लॅटिरामर ४० मिलिग्रॅम, आठवड्यातून तीनदा, त्वचेखाली. माझं मीच टोचून घेते. इतके महिने टोचलेल्या जागी लाली आणि खाज यापलीकडे काही झालं नव्हतं. परवा मात्र सुई काढते न काढते तोच चेहरा आणि मान तापली, छाती आवळून आली, धडधड कानात ऐकू यायला लागली आणि श्वास पुरेना. घरात एकटी होते. फोन हातात धरून बसून राहिले. पाव तासाच्या आसपास सगळं आपोआप ओसरलं, मागे राहिला तो फक्त थकवा.

न्यूरोंशी (माझ्या न्यूरोलॉजिस्टशी) फोनवर बोलले. त्यांचं म्हणणं, ही या औषधाची माहितीतली रिॲक्शन आहे, पुढचा डोस घ्या, परत झालं तर कळवा. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. पण नंतर वाचनात आलं की जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याच औषधाच्या माहितीपत्रकात ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीचा, ठळक चौकटीतला इशारा घातला आहे. आणि तो प्रकार पहिल्या डोसलाही होऊ शकतो, काही वर्षांनीही. म्हणजे एकीकडे 'काही नाही, बसून राहा' आणि दुसरीकडे 'ताबडतोब इमर्जन्सी'. सुरुवातीची लक्षणं तर जवळजवळ तीच! मग पहिल्या पाच मिनिटांत माणसाने ठरवायचं कशावरून?

शिवाय दोन गोष्टी. मागच्या रिलॅप्सपासून डाव्या हाताची पकड कमी झाली आहे, त्यामुळे त्वचा चिमटीत धरताना निसटते. आणि उजव्या मांडीवर एक-दोन ठिकाणी त्वचा खोलगट झाल्यासारखी दिसते. गाठ नाही, खड्डा.

उद्या पुढचा डोस आहे. औषध चालू ठेवायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, त्यावर सल्ला नको. बाकी अनुभव, माहिती, युक्त्या, काहीही चालेल.

रानवाट

ताई, हे वर्णन मी लिहिलं असतं तरी असंच लिहिलं असतं. मला हे झालेलं आहे, एकाहून जास्त वेळा. मधे महिनोन्महिने काही नाही आणि मग एखाद्या दिवशी अचानक. त्या दिवशी वेगळं काय केलं होतं हे शोधण्यात मी बरीच डोकेफोड केली, हाती काही लागलं नाही. आता शोधत नाही.

आकडे सांगतो, मला त्यांनी धीर आला होता. रोजच्या २० मिलिग्रॅमच्या चाचण्यांमध्ये साधारण १६ टक्के लोकांना असं झालं, ४० मिलिग्रॅमच्या चाचणीत २ टक्क्यांच्या आसपास. गंमत म्हणजे २० च्या चाचण्यांत ज्यांना औषध नसलेलं नुसतं नावाचं इंजेक्शन टोचलं त्यांच्यातही ४ टक्के निघाले. सुईची धास्तीही थोडं काम करत असावी, असं आपलं माझं मत.

पण तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर मलाही हवं आहे. नवीन इशारा आल्यापासून बायको डोसच्या वेळी शेजारी बसते.

पारिजात

मी इंटरफेरॉन बीटा घेते, एमएसचंच दुसरं इंजेक्शन. हा त्रास मलाही व्हायचा. रात्री झोपताना टोचा आणि त्याआधी पॅरासिटामोल घ्या. ताप, कणकण, अंगदुखी सगळं झोपेत निघून जातं. सुरुवातीला डोस हळूहळू वाढवत नेला होता. वर्षभरात अंग सरावतं.

फिजिशियन_एक

पारिजात, तुमचा सल्ला इंटरफेरॉनसाठी बरोबर आहे, पण या धाग्यावर तो घोटाळा करेल. इंटरफेरॉनची कणकण टोचल्यावर काही तासांनी येते, म्हणून संध्याकाळची वेळ आणि पॅरासिटामोल उपयोगी पडतं. (त्यावरही यकृताच्या तपासण्या करायच्या असतात, तेव्हा पॅरासिटामोल डॉक्टरांना विचारूनच.) ग्लॅटिरामरची रिॲक्शन काही मिनिटांत येते आणि जाते, पॅरासिटामोलचा तिथे संबंध नाही. आणि रात्री टोचून लगेच झोपणं हे तर ग्लॅटिरामरवाल्यांनी अजिबात करू नये. का ते पुढे येईलच.

अनाहत, मी न्यूरोलॉजिस्ट नाही, पण ॲनाफिलॅक्सिसचे रुग्ण हाताळले आहेत. तुम्हाला परवा जे झालं त्याला टोचल्यानंतरची तात्काळ प्रतिक्रिया म्हणतात. चेहरा लाल होणं, छातीत दुखणं किंवा आवळणं, धडधड, घबराट, धाप. अडचण अशी की घसा आवळणं आणि अंगावर पित्त उठणं हीसुद्धा तिच्याच यादीत आहेत. त्यामुळे 'पित्त उठलं म्हणजे ॲलर्जी, नाही उठलं म्हणजे साधं' असा सरळ नियम कुणी सांगितला तर मानू नका. एकेका लक्षणावरून खात्रीने सांगता येत नाही, डॉक्टरलाही नाही.

मग बघायचं काय? त्रास कोणत्या दिशेने चाललाय ते. साधी प्रतिक्रिया झटकन चढते आणि काही मिनिटांत उतरू लागते. ॲनाफिलॅक्सिस वाढत जातो आणि पसरत जातो. सुई काढली की घड्याळात वेळ बघून ठेवा. घाबरलेल्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे अर्धा तास वाटतो. त्रास वाढतोय, किंवा एकाचे दोन अवयव झाले, म्हणजे त्वचेबरोबर श्वास किंवा पोट, तर थांबायचं नाही. ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, गिळता न येणं, छातीतून शिट्टीसारखा आवाज, उलट्या, पोटात जोराची कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही दिसलं तर घड्याळ बघत बसू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

आणि यातलं काही नसलं, पण त्रास थोडक्यात ओसरला नाही, तरीही जायचं. निदान तुम्ही करायचं नाहीये, फक्त जायचं की नाही एवढं ठरवायचं आहे. उगाच गेलात तर एक संध्याकाळ वाया जाईल.

एफडीएने डिसेंबर १९९६ ते मे २०२४ या काळातल्या जगभरच्या ८२ नोंदी तपासल्या, त्यांत ६ मृत्यू होते. इतक्या वर्षांत हे औषध घेतलेल्यांच्या मानाने संख्या फार लहान, पण मृत्यू आहेत म्हणून चौकट. बहुतेकांना त्रास टोचल्यापासून तासाभरात सुरू झाला. म्हणून झोपायच्या वेळी नको, आणि पहिला तास कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवं.

रुग्णवाहिका येईपर्यंत आडवं व्हा, पाय उंच. धाप जास्त असेल तर टेकून बसा. उठून चालायला लागू नका, रक्तदाब पडलेला असताना एकदम उभं राहिल्याने माणसं दगावलेली आहेत. खरं औषध ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ते घरी ठेवायचं का, हे तुमच्या न्यूरोंना विचारा. रक्तदाबासाठी किंवा मायग्रेनसाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर तेही सांगा, त्या गोळ्यांमुळे ॲड्रेनलिनचा असर कमी पडू शकतो.

कोरा_कागद

माझ्या ओळखीत एकजण टोचायच्या आधी सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी घेतात. तेवढं पुरत नाही का?

फिजिशियन_एक

खाज कमी करायला ठीक. ॲनाफिलॅक्सिस ना टाळता येतो त्याने, ना थांबवता. धोका असा की गोळी घेतली म्हणून माणूस वाट बघत बसतो.

अनाहत_७

'दिशा बघायची' हे फार कामाचं आहे, कुणी असं सांगितलंच नव्हतं. माझी डोसची वेळ रात्रीची होती, म्हणजे तीही बदलते. बीटा ब्लॉकर नाही चालू.

हाताचं आणि खड्ड्यांचं कुणी सांगेल का?

सिस्टर_दीर्घानुभवी

मी एमएसच्या रुग्णांना इंजेक्शन शिकवते, म्हणून लिहिते.

खड्डे म्हणजे त्या जागची त्वचेखालची चरबी झिजली आहे. याला लायपोॲट्रॉफी म्हणतात. ग्लॅटिरामरमध्ये हे बऱ्याच जणांना होतं आणि झालेला खड्डा बहुधा भरून येत नाही, हे स्पष्टच सांगते. तिथे परत टोचायचं नाही, बस. गाठ आहे, लाल आहे, व्रण आहे, तीळ आहे, तिथेही नाही. पोट, मांड्या, कमरेची मागची बाजू, दंडाचा मागचा भाग, अशा जागा फिरवत राहायच्या. एक जागा आठवड्यात एकदाच. बेंबीभोवती पाच सेंटिमीटर सोडा. कागदावर शरीराची आकृती काढून तारखा लिहा. मनात ठेवते म्हणणाऱ्या बायका (आणि पुरुषही) हटकून त्याच सोयीच्या मांडीवर येतात. खड्डा मात्र न्यूरोंना प्रत्यक्ष दाखवा. आणि कुठे त्वचा निळी-काळी पडून जखम होतेय असं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा, क्वचित तिथली त्वचा मरते.

एमएसवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ज्या भागाला बधिरपणा आहे तिथे टोचलं की दुखत नाही, म्हणून तो भाग आवडता होतो. पण बिघडलं तरी तिथे कळतही नाही. तिथे डोळ्यांनी बघायची सवय ठेवा. बर्फही थेट लावू नका, कापडात गुंडाळून आणि थोडाच वेळ.

पकडीसाठी ऑटोइंजेक्टर मागा. बटण दाबलं की सुई आत जाते. मात्र तो तुमच्याच कंपनीच्या सिरिंजला बसतो ना हे तपासून घ्यायचं, आणि सुई किती खोल जावी ते तुमच्या अंगकाठीप्रमाणे आणि जागेप्रमाणे सिस्टरकडून ठरवून घ्यायचं. बारीक मांडीवर जास्त खोल लावलं तर औषध स्नायूत जातं. दंडावर स्वतः टोचायच्या भानगडीत एका हाताने पडू नका, ती जागा मदतनीस असेल तेव्हाची.

फ्रिजमधून काढून वीस मिनिटं तशीच बाहेर ठेवा. गरम पाण्यात, मायक्रोवेव्हमध्ये नाही. द्रव गढूळ असेल किंवा त्यात कण दिसले तर ती सिरिंज वापरायची नाही. बारीक हवेचा बुडबुडा असतोच, तो काढायला गेलात तर औषध सांडतं, राहू द्या. टोचल्यावर जागा चोळू नका. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायला जाऊ नका, तुमच्या हाताची पकड बघता तर मुळीच नाही. टणक, झाकणाच्या डब्यात सरळ टाका.

रानवाट

सिस्टर, प्रवासात फ्रिज नसेल तर?

सिस्टर_दीर्घानुभवी

ग्लॅटिरामर गरज पडल्यास १५ ते ३० अंशांत एक महिन्यापर्यंत बाहेर चालतं, उजेडापासून लांब. गोठलेलं फेकायचंच, वितळल्यावर चांगलं दिसलं तरी. म्हणून विमानात सामानाच्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि हे फक्त ग्लॅटिरामरचं. इंटरफेरॉनचे नियम ब्रँडगणिक वेगळे, ऑफाटुमुमॅबचे (तेही एमएसचंच इंजेक्शन) आणखी वेगळे. आपापलं पत्रक वाचा.

अनाहत_७

आज न्यूरोंना प्रत्यक्ष भेटले. सिस्टरांनी सांगितलं तसे खड्डेही दाखवले. त्यांनी सगळं परत विचारलं: त्रास किती वेळ टिकला, पित्त उठलं का, उलटी झाली का, चक्कर आली का. त्यांच्या मते ती तात्काळ प्रतिक्रियाच. औषध चालू. पण पुढचे काही डोस दवाखान्यात, टोचून तासभर बसायचं. ॲड्रेनलिनची चिठ्ठी दिली आणि ते कसं वापरायचं ते बहिणीला शिकवणार आहेत, कारण वेळ आली तर माझ्या डाव्या हाताचा भरवसा नाही. ऑटोइंजेक्टरही लिहून दिला. उजवी मांडी पूर्णपणे बाद.

आजचा डोस थोडा उशिरा होतोय म्हणून वेळापत्रकही विचारलं. चुकलेला डोस आठवेल तेव्हा घ्यायचा, दुसऱ्या दिवशी सुट्टी, दोन एकदम कधीच नाही, आणि ४० च्या दोन डोसमध्ये निदान ४८ तास. २० ची आणि ४० ची सिरिंज एकमेकींच्या जागी चालत नाही, म्हणून औषध घेताना खोक्यावरचा आकडा बघायचा.

एक उरलं. गरोदरपणाबद्दल विचारायचं आज राहिलं. या औषधावर असताना मूल होऊ दिलेल्या कुणी इथे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, प्लीज.