कोजागिरीचा गरबा: ३०० माणसं, एक टेबल, रांग कशी आवरायची?

मुलुंडची_बी_विंग

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला आमची चार विंगची सोसायटी आहे. दर कोजागिरीला खाली आवारात गरबा आणि मग मसाला दूध असा कार्यक्रम असतो. साडेसातला सुरू होतो, दहाला माइक बंद करावाच लागतो. यंदा खाण्यापिण्याचं काम माझ्याकडे आलंय आणि मला ते मनापासून नीट करायचंय. चारही विंगची माणसं एकत्र येतात अशी वर्षातली हीच एक रात्र.

अडचण सांगते. पावणेनऊला निवेदक माइकवरून सांगतो, "आता अल्पोपाहार." त्या क्षणी सगळे एका टेबलाकडे वळतात. टेबल स्टेजच्या बाजूला, म्हणजे रिंगणाला अगदी लागून. रांग रिंगणातून वळसा घेत गेटपर्यंत जाते. पुढचा गरबा सुरू झाला की नाचणारे आणि प्लेट घेऊन उभे असलेले एकमेकांवर आदळतात. आजी-आजोबा खुर्चीतून उठत नाहीत, नातवंडं त्यांच्यासाठी दोन-तीन प्लेटा मागतात आणि मागच्यांना वाटतं की पुढे घुसाघुशी चाललीय. त्यावरून बोलाचाली होते. दहाला गाणी थांबली की दुधाचीही तीच गत. गेल्या वर्षी शेवटच्या लोकांच्या हातात दूध पडेपर्यंत अकरा वाजून गेले होते आणि तेही कोमट. लहान मुलं तोवर झोपून गेली होती.

हाताशी आठ कॉलेजची मुलं आणि आम्ही पाच बायका आहोत. खायला बटाटेवडा नाहीतर सँडविच, शिवाय सरबत आणि पाण्याचे जार. कूपन काढावीत का? दुसरं टेबल लावावं का? दूध आणि पाणी किती लागेल? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खजिनदार_ठाणे

कूपन नक्की काढा. चार विंगला चार रंग, आदल्या रविवारी घरोघरी वाटून टाका. पैसे घ्यायचे असतील तर तेही तेव्हाच घ्या. खाण्याच्या टेबलावर स्कॅनर ठेवू नका. गर्दीत नेटवर्क जातं, एकाचं पेमेंट अडकतं आणि त्याच्या मागचे वीस जण खोळंबतात. कूपनमुळे किती माणसांनी खाल्लं याचा हिशेबही लागतो.

माई_गोरेगाव

ताई, मी गोरेगावला घरगुती ऑर्डरी घेते. नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत सोसायट्यांचं खाणं बरंचसं माझ्याकडून जातं आणि वाढायलाही मी स्वतः उभी असते. म्हणून जरा मोठं लिहिते.

खजिनदारसाहेबांचं कूपन हिशेबाला चांगलं. पण तुमची रांग टेबलावर तयार होत नाही, ती माइकवर तयार होते. एका वाढप्याला एका माणसाच्या हातात वडा-पाव आणि कागद द्यायला पंधरा सेकंद धरा. म्हणजे मिनिटाला चार माणसं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं ठेवून त्यात तीनशे जणांना खायला घालायचं म्हटलं तर मिनिटाला वीस माणसं मोकळी व्हायला हवीत, त्याला पाच वाढपी लागतील. तेच टेबल साडेसातपासून नऊपर्यंत उघडं ठेवलंत तर दोन वाढप्यांत आरामात भागतं. माणसं तितकीच, वडेही तितकेच. तेव्हा मध्यंतर काढून टाका. निवेदकाला स्पष्ट सांगा की खाण्याचं नाव माइकवर घ्यायचं नाही. फलक लावा, "नाश्ता साडेसात ते नऊ, केव्हाही या." ज्याला भूक लागेल तो एक गरबा सोडून येईल, खाईल आणि परत जाईल.

खायला काय ठेवता त्यावर रांगेचा वेग ठरतो, हे फार जण लक्षात घेत नाहीत. भेळ, शेवपुरी, पाणीपुरी यांचा मोह टाळा. प्रत्येक प्लेट जागेवर बनवावी लागते, त्यात "मला तिखट नको", "त्याच्यात कांदा घालू नका" हे आलंच. वडा चालेल, पण पावाला चटणी आधीच लावून, कागदात गुंडाळून द्या. वाटीतली पातळ चटणी ठेवूच नका. एक तर ती सांडते, दुसरं म्हणजे नाचणारे बरेचसे अनवाणी असतात आणि सांडलेल्या चटणीवर किंवा सरबतावर पाय सरकला तर माणूस जोरात आपटतो. टेबलाजवळ एकाच्या हातात कोरडं फडकं कायम असू द्या. वडे एकदम तळून ढीग लावू नका. वीस-वीस मिनिटांनी घाणा येऊ द्या, म्हणजे नऊला येणाऱ्यालाही गरम मिळतो. शेगडी आणि सिलिंडर मात्र टेबलापासून लांब, मुलांची धावपळ नसेल अशा कोपऱ्यात.

दांडियाचा विचार केलाय का? माणूस रांगेत येतो तेव्हा त्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. मग तो दांडिया काखेत मारतो, प्लेट धरतो, दांडिया पडते, तो वाकतो, रांग थांबते. टेबलाच्या सुरुवातीला दोन उभ्या बादल्या ठेवा, दांडिया त्यात ठेवायच्या आणि जाताना घ्यायच्या. शेवटी कागदी रुमालांची टोपली. तेलकट हातांनी धरलेली दांडिया निसटते आणि समोरच्याला लागते.

टेबल स्टेजजवळून आधी हलवा. स्टेजच्या समोरच्या टोकाला, कंपाउंडच्या भिंतीशी समांतर, पण भिंतीपासून चांगलं अंतर सोडून लावा. वाढपी टेबलाच्या दोन टोकांना उभे राहतील आणि माणसं दोन्ही लांब बाजूंनी चालतील. टेबल एक, रांगा दोन. रांगेची शेपटी पार्किंगच्या आत वळवा, रिंगणाकडे आणि गेटकडे नको. फायर ब्रिगेडच्या गाडीची वाट मोकळीच ठेवायची, त्यात टेबल नाही आणि रांगही नाही. आजी-आजोबांसाठी दोन मुलं नेमून द्या, ती ट्रे घेऊन खुर्च्यांपाशी जातील. मग नातवंडांनी जास्तीच्या प्लेटा मागायचा प्रश्न उरत नाही आणि तुमचं निम्मं भांडण तिथेच मिटतं.

पाणी खाण्याच्या टेबलावर ठेवलंत तर तहानलेला माणूस वड्याच्या रांगेत उभा राहील. पाणी वेगळं, दोन कोपऱ्यांत. मुंबईच्या ऑक्टोबरात रात्रीसुद्धा हवा दमट असते, घाम वाळत नाही. अडीच तासांत माणशी दोन पेले तरी लागतात. २० लिटरच्या एका जारात २०० मिलिलिटरचे १०० पेले होतात, म्हणजे ३०० माणसांना ६ जार, हाताशी आणखी २ असू द्या. जारचा नळ बारीक असतो, पेला भरायला वेळ लागतो. म्हणून एक मुलगा सतत पेले भरून मांडत राहील असं करा. सरबत लिंबाचं, त्यात साखरेबरोबर मीठ विसरू नका, घामावाटे तेच जातं. कोकम मला स्वतःला आवडतं, पण त्याचा डाग चनिया-चोळीवरून निघत नाही. सरबत नऊला बंद करा, नंतर दूध प्यायचंय.

आता दूध, आणि माझं सगळ्यात आग्रहाचं म्हणणं इथेच आहे. दुधाला रांग लावूच नका. दुधाला पंगत हवी. दहाला सगळे एकाच वेळी मोकळे होणार, ते तुम्ही टाळू शकत नाही. ओगराळ्याने एक कप भरायला दहा सेकंद धरले तरी एका माणसाला ३०० कपांना ५० मिनिटं लागतात. तुमचे अकरा असेच वाजले. त्यापेक्षा सतरंज्या अंथरा, लोकांना बसवा आणि वाढप्यांना किटल्या घेऊन फिरू द्या. माणशी १२० मिलिलिटर धरलं तर ३६ लिटर होतं, आटण्याचा विचार करून ४० लिटर दूध घ्या. तीन लिटरच्या किटलीत २५ जणांचं होतं. सहा किटल्या दोनदा फिरल्या की काम झालं, पंधरा-वीस मिनिटांत शेवटच्या माणसाच्या हातात गरम दूध. माणसाने रांगेत उभं राहून चंद्राकडे पाठ करून दूध घ्यावं, हे मला बघवत नाही.

साखर साडेतीन किलोपर्यंत पुरते. मसाला अगदी बारीक करा. जाड भरड असली तर नळाच्या थर्मासात आणि किटलीच्या तोटीत अडकते. शिवाय काप तळाशी बसतात, म्हणून प्रत्येक किटली भरण्याआधी टोप तळापासून ढवळायचा, नाहीतर पहिल्यांना नुसतं दूध आणि शेवटच्यांना नुसता सुकामेवा. चाळीस लिटर उकळायला मोठ्या शेगडीवरही तासापेक्षा जास्त लागतो, तेव्हा सातला शेगडी पेटवा. दोन छोटी पातेली आधीच बाजूला काढा: एक बिनसाखरेचं, एक बिनसुकामेव्याचं. सुकामेव्याची ॲलर्जी असलेली मुलं असतात. त्यांची किटलीही वेगळी ठेवा, तोटीला रंगीत फीत बांधा.

कप म्हणाल तर प्लास्टिकचे आणू नका, एकदा वापरून फेकायच्या कपांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तुम्ही सगळे वरच राहता. घरून प्रत्येकाने आपापला पेला आणावा.

मुलुंडची_बी_विंग

माई, किती बारकाईने लिहिलंत! पंगत मला फारच पटली. एकच शंका. पेले आणायला सगळे दहाला वर धावले तर आमच्या लिफ्टपाशीच रांग लागेल. आणि नाचून दमलेल्या ३०० माणसांना ओळीत बसवायचं कसं? दहा वेळा माइकवर सांगावं लागेल, आणि माइक तर तेव्हा बंद.

सोशलवाला_अंधेरी

मी साल्सा-बचाताच्या सोशलला, म्हणजे जोडीनं नाचायच्या पार्टीला, नेहमी जातो. माईंचं मध्यंतराबद्दलचं म्हणणं तिथे रोज दिसतं. डीजे सहसा थांबतच नाही. गाणं चार-पाच मिनिटांचं, ज्याला पाणी हवं तो एक गाणं बसतो, पितो आणि पुढच्या गाण्याला जोडीदार शोधतो. तीन तासांत पाण्यापाशी चार-पाच जणांपेक्षा जास्त माणसं मी क्वचितच पाहिलीत. पाण्याचं टेबल फ्लोअरपासून लांब असतं, कारण आमच्या बऱ्याच जणांच्या बुटांचा तळ मऊ चामड्याचा, तो ओला झाला की नीट गिरकी घेता येत नाही. जोडीनं नाचायचं असल्यामुळे कच्चा कांदा आणि लसूण कोणी ठेवत नाही. तुमच्याकडेही समोरासमोर दांडिया होतात, तेव्हा वड्यात लसूण बेतानं घालायला हरकत नाही. तो पर्याय माईंवर सोडतो.

ढोलकवाला_बोरिवली

ताई, मी गरब्यात ढोलक वाजवतो. बसवायचं कसं ते आमच्यावर सोडा. तुमच्या साउंडवाल्याला आणि गाणाऱ्यांना आजच सांगून ठेवा की शेवटची वीस मिनिटं उलटी न्यायची. साधारण गरबा संथ सुरू होतो आणि चढत जातो, आणि बहुतेक ठिकाणी वेळ संपली म्हणून अगदी टोकाला नेऊन तोडतात. मग माणसं उसळलेली असतात, श्वास जागेवर नसतो, आणि ती मिळेल तिकडे धावतात. आम्हाला सांगितलं असेल तर आम्ही ९:४० ला वेग उतरवायला घेतो, ९:५० ला आरती. आरतीला सगळे हात जोडून रिंगणातच उभे राहतात. आरती संपताना गाणाऱ्यानेच म्हणायचं, "जिथे आहात तिथेच बसा, दूध तुमच्याकडे येतंय." माइक चालू असतानाच हे एक वाक्य पुरतं. गरब्याची रिंगणं एकात एक असतात, तीच तुमची गोल पंगत. फक्त वाढप्यांना फिरायला दोन रिंगणांमध्ये वाट ठेवा.

आणि एक मागणी आमच्याकडून. आम्ही अडीच तास वाजवतो आणि गातो, आम्हाला रांगेत येता येत नाही. मध्यंतर काढलंत तर आमचा श्वास कुठे? दर चाळीस मिनिटांनी एकेक जण आलटूनपालटून उठेल असं करू, पण स्टेजमागे पाणी आणि नाश्ता आधीच ठेवा. गाणाऱ्यांना गार सरबत नको, साधं पाणी द्या.

माई_गोरेगाव

ढोलकवाले दादा, गोल पंगतीची कल्पना फार सुंदर. आतल्या रिंगणात लहान मुलं असतात बहुतेक, तिथे दूध गरम देऊ नका. त्यांची एक किटली आधीच भरून दहा मिनिटं बाजूला ठेवा. टोप रिंगणातून न्यायचा नाही, भिंतीकडेनं न्यायचा, दोन मोठ्या माणसांनी धरून.

पेल्यांचं असं करा. प्रत्येक विंगच्या लिफ्टपाशी एक रिकामा क्रेट ठेवा. संध्याकाळी खाली उतरतानाच आपला पेला त्यात टाकायचा, पेल्याखाली नावाची पट्टी चिकटवून. आरती सुरू झाली की मुलांनी क्रेट रिंगणाच्या कडेला आणून पेले पुढे सरकवायचे. ऐन वेळी आपलाच पेला सापडला नाही तरी बिघडत नाही, शेजाऱ्याचा घ्या. पाहुण्यांसाठी ३०-४० स्टीलचे पेले भांडीवाल्याकडून आणून ठेवा. सोशलवाल्यांनी लसणाचं म्हटलंय ते बरोबर आहे, वड्यात मी आलं आणि मिरची वाढवून लसूण कमी करते, कोणाला उणीव जाणवत नाही.

मुलुंडची_बी_विंग

सगळ्यांचे मनापासून आभार. कमिटीत हे आज रात्रीच मांडते. मध्यंतर काढायला निवेदकांचा विरोध होईल, कारण बक्षीससमारंभ ते त्यातच घेतात. तो आरतीच्या आधी पाच मिनिटांत उरकावा असं सुचवीन. क्रेटसाठी ए विंगच्या दूधवाल्यांशी बोलले, ते चार देतायत. जारवाल्याला ८ जार सांगून ठेवलेत, पैकी दोन स्टेजमागे. ढोलकवाले दादा, तुमचा निरोप आमच्या गाणाऱ्यांना जसाच्या तसा पाठवला, त्यांनी ९:४० ची वेळ मान्य केली आहे.