किडनीत ५ सेंमीची सिस्ट (पाण्याची पिशवी): पाणी काढायचं की राहू द्यायची?

निरगाठ:
पित्ताशयासाठी केलेल्या सोनोग्राफीत हे निघालं. वय ५८. रिपोर्टमधल्या ओळी तशाच उतरवतेय: "उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला ५.२ × ४.८ सेंमी साधी कॉर्टिकल सिस्ट. डाव्या किडनीत १.१ सेंमीची एक. मुतखडा नाही. किडनीला सूज नाही." क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) ०.९, दुखणंखुपणं काही नाही. एक डॉक्टर म्हणाले सुईने पाणी काढून टाकू, दुसरे म्हणाले हातही लावू नका. पाच सेंटीमीटर म्हणजे मोठीच ना? पुढे तिचा कॅन्सर होतो का? आणि पाणी काढलं की विषय संपतो का?

आडवाट:
आकड्यावर अडकू नका, रिपोर्टमधला महत्त्वाचा शब्द 'साधी' हा आहे. दहा सेंटीमीटरची साधी सिस्ट निरुपद्रवी असू शकते आणि दोन सेंटीमीटरचीही गडबडीची असू शकते.

सोनोग्राफीत साधी कशाला म्हणतात? आतला भाग एकसारखा काळा, भिंत रेघेसारखी पातळ आणि स्वच्छ, आणि सिस्टच्या मागचा भाग आजूबाजूपेक्षा उजळ. पाण्यातून ध्वनिलहरी फारशा न अडता पार होतात, म्हणून तो उजळपणा येतो. या तिन्ही गोष्टी असतील तर सीटी स्कॅनही लागत नाही. पन्नाशीनंतर अशी एखादी सिस्ट दिसणं अगदी नेहमीचं आहे, आणि साध्या सिस्टचा पुढे कॅन्सर होणं जवळपास नसतंच.

आत पडदे दिसले, भिंत जाड वाटली, कॅल्शियम किंवा गढूळपणा असला की मग सीटी किंवा एमआरआय करून बॉस्निअक श्रेणी, म्हणजे सिस्ट कॅन्सरची असण्याची शक्यता किती याची पायरी, ठरवतात. ही पद्धत १९८६ची, २०१९मध्ये ती सुधारली.
श्रेणी १: भिंत २ मिमीपर्यंत, पडदे नाहीत, आत पाणीच.
श्रेणी २: एक ते तीन बारीक पडदे, थोडं कॅल्शियम चालतं. या दोन्हींत काही करायचं नाही.
श्रेणी २-एफ: चार किंवा जास्त बारीक पडदे, किंवा भिंत नाहीतर पडदा साधारण ३ मिमी. सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि मग एकूण पाच वर्षं होईपर्यंत दरवर्षी स्कॅन.
श्रेणी ३: भिंत किंवा पडदे ४ मिमी किंवा जास्त, नाहीतर ओबडधोबड, आणि कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध) शोषून घेणारे. यातल्या साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात, म्हणून शस्त्रक्रिया की देखरेख हे वय आणि प्रकृती पाहून ठरतं.
श्रेणी ४: कॉन्ट्रास्ट घेणारी गाठच आत दिसते. दहातल्या साधारण नऊ कॅन्सरच्या. शक्य असेल तर तेवढा भाग काढून उरलेली किडनी वाचवतात.

एक चूक वारंवार होते: फक्त कॉन्ट्रास्ट दिलेला सीटी काढतात. आधीचा साधा फेज (कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वीचा स्कॅन) नसेल तर सिस्टने कॉन्ट्रास्ट घेतलं की ती मुळातच दाट होती, हे कळायचं कसं? दोन्ही फेजमधला फरक २० हाउन्सफील्ड युनिट (सीटीवर दाटपणा मोजायचं एकक) किंवा जास्त असेल तरच "घेतलं" म्हणायचं. सीटी करायचाच झाला तर फॉर्मवर 'रीनल मास प्रोटोकॉल' (किडनीतल्या गाठीसाठीचा, दोन्ही फेजचा सीटी) लिहून घ्या.

काजवा:
पाणी काढण्याबद्दल. नुसतं सुईने काढलं तर बहुतेक वेळा पुन्हा भरतं. भिंतीच्या आतल्या अस्तराच्या पेशी पाणी पाझरवतात आणि त्या तिथेच राहतात. घागर रिकामी केली, पण झरा चालूच. तुमच्या मापाच्या सिस्टमध्ये साधारण ६५ मिली पाणी असेल, म्हणजे चार मोठे चमचे. तेवढ्यासाठी, तेही त्रास नसताना, सुई घालण्यात अर्थ नाही.

त्रास असेल तेव्हा अस्तर मारावं लागतं, त्याला स्क्लेरोथेरपी म्हणतात. सोनोग्राफीखाली बारीक नळी घालतात आणि सगळं पाणी काढतात. मग कॉन्ट्रास्ट भरून एक्सरेवर बघतात की सिस्टचं लघवीच्या मार्गाशी तोंड जुळलेलं नाही ना. ही पायरी गाळली आणि अस्तर मारायला भरायचं अल्कोहोल लघवीच्या मार्गात उतरलं तर तो मार्ग आकसून बंद होऊ शकतो. सगळं ठीक असेल तर ९५ ते ९९ टक्के इथेनॉल (हेच ते अल्कोहोल) भरतात, काढलेल्या पाण्याचा साधारण चौथा हिस्सा. तुमच्या मापाला १६ मिलीच्या आसपास होईल. सिस्ट कितीही मोठी असली तरी एका वेळी बहुधा १०० मिलीच्या वर जात नाहीत. ते आत असताना पेशंटला कुशीवर, पाठीवर, पोटावर फिरवतात म्हणजे भिंतीचा प्रत्येक कोपरा भिजतो, आणि शेवटी अल्कोहोल पुन्हा ओढून घेतात. पाण्याऐवजी पू आला तर अल्कोहोल नाही. नळी ठेवून निचरा आणि अँटिबायोटिक.

नंतरच्या काही आठवड्यांत सोनोग्राफीत थोडं पाणी दिसतं. ते बऱ्याचदा ओसरतं, लगेच "फसलं" म्हणू नये.

खूप मोठी, परत परत भरणारी किंवा किडनीच्या मध्यभागी लघवीची नळी दाबणारी सिस्ट असेल तर दुर्बिणीतून तिचं छप्पर कापतात आणि कापलेली भिंत तपासायला पाठवतात.

शंकास्पद सिस्टचं पाणी तपासून "कॅन्सर नाही" असा निर्वाळा घेण्याच्या फंदात पडू नये. कॅन्सरच्या पेशी भिंतीत असतात, पाण्यात उतरतीलच असं नाही.

निरगाठ:
धन्यवाद. म्हणजे डाव्या बाजूलाही आहे त्याची काळजी नाही? दोन्ही किडन्यांत असणं म्हणजे तो आनुवंशिक आजार, असं कुठेतरी वाचलं.

आडवाट:
दोन्हीकडे एकेक म्हणजे तो आजार नव्हे. पॉलिसिस्टिक किडनीत सिस्ट ढिगाने असतात, किडन्या आकाराने वाढतात, बहुधा यकृतातही सिस्ट दिसतात. आईवडिलांपैकी कुणाला तो आजार असतानासुद्धा ४० ते ५९ वयात प्रत्येक किडनीत निदान दोन सिस्ट दिसल्याशिवाय सोनोग्राफीवर निदान करत नाहीत. घरात कुणाला डायलिसिस, किडनी निकामी होणं किंवा कमी वयात मेंदूतला रक्तस्राव झाला असेल तर मात्र डॉक्टरांना जरूर सांगा.

काजवा:
एक राहिलं. ताप आणि कुशीत दुखणं एकत्र, लघवीत रक्त, किंवा एकाएकी जोराची कळ: यातलं काही झालं तर वाट न बघता दाखवा. सिस्टला जंतुसंसर्ग किंवा आत रक्तस्राव झालेला असू शकतो. आणि पुढची सोनोग्राफी कधी केलीच तर हा रिपोर्ट सोबत न्या. मोजणारा हात बदलला की दोनचार मिलिमीटर इकडेतिकडे होतातच, त्याला वाढ समजू नका.