छेत्रीच्या जुन्या क्लबांचं पुढे काय झालं?

निळा_टीशर्ट

मी फुटबॉल बघायला लागलो तो आयएसएलमुळे, म्हणजे इंडियन सुपर लीगमुळे. सुनील छेत्री म्हणजे बेंगळुरू, एवढंच डोक्यात. परवा त्याची पूर्ण यादी वाचली: मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, डेंपो, कॅन्सस सिटी विझार्ड्स, चिराग युनायटेड, पुन्हा बागान, स्पोर्टिंग लिस्बन, चर्चिल ब्रदर्स, बेंगळुरू, मुंबई सिटी. यातले जेसीटी आणि चिराग आज कुठल्याच गुणतक्त्यात दिसत नाहीत. बुडाले, की नाव बदललं? जाणकारांनी लिहा.

राखीव_गोलकीपर

जेसीटी बुडाला नाही, बंद केला. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दलच लिहितो.

फगवाड्याच्या जगतजित कापडगिरणीचा हा संघ, १९७१ पासूनचा. राष्ट्रीय फुटबॉल लीग पहिल्यांदा झाली १९९६-९७ मध्ये. ती कोलकात्याने नाही, गोव्याने नाही, या गिरणीने जिंकली! प्रशिक्षक सुखविंदर सिंग, पुढे विजयन आणि बायचुंग भुतिया. त्या मोसमात सर्वाधिक गोल भुतियाचेच. छेत्री २००५ मध्ये तिथे गेला. बागानमध्ये आला तेव्हा तो जेमतेम अठराचा होता, पण त्याचं नाव झालं ते जेसीटीत. २००६-०७ च्या लीगमध्ये डेंपो पहिला, जेसीटी दुसरा. आणि जून २०११ मध्ये, संघ खालच्या श्रेणीत घसरल्यावर, मालकांनी गाशा गुंडाळला. कारण काय दिलं, तर फुटबॉल टीव्हीवर दिसत नाही, मग कंपनीला त्यातून काय मिळणार? हिशेबाला चोख आहे म्हणा. आदल्याच वर्षी मुंबईचा महिंद्रा युनायटेडही असाच गेला.

माझा मामा एका कंपनीच्या संघात फुलबॅक होता. सकाळी सराव, दुपारी खात्यात हजेरी, आणि गुडघा गेला तरी निवृत्तीपर्यंत पगार चालू. खेळाडूला यापेक्षा काय हवं? पण संघ म्हणजे कंपनीचं एक खातं, आणि खातं बंद करताना कोणी कोणाला विचारत नाही. संघ बंद झाल्याचं मामाला कँटीनमध्ये कळलं.

याउलट मोहन बागान बंद करून दाखवा कोणीतरी! १८८९ चा क्लब. १९११ मध्ये एकटे सुधीर चटर्जी सोडले तर सगळे अनवाणी खेळले आणि ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकून गेले. ईस्ट बंगाल जन्मला तोच भांडणातून: १९२० मध्ये बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबने शैलेश बोसला बाहेर बसवलं, आणि चिडलेल्यांनी नवा क्लब काढला. पैशांसाठी दोघांनीही तडजोडी केल्या. एक मॅकडॉवेल मोहन बागान झाला, दुसरा किंगफिशर ईस्ट बंगाल, आणि दोन्ही ब्रँड एकाच मद्यसमूहाचे. २०२० मध्ये एटीके या कोलकात्याच्याच आयएसएल क्लबाशी विलीनीकरण झालं आणि बागानच्या पुढे 'एटीके' लागलं, तेव्हा ते काढा म्हणून समर्थकांनी पिच्छाच पुरवला. २०२३ मध्ये निघालं. जेसीटीसाठी असं ओरडायला होतं कोण?

चिरागची गोष्ट छोटी आहे. 'चिराग' हे प्रायोजकाचं नाव. प्रायोजक बदलला तसं २०११ मध्ये प्रयाग युनायटेड झालं, तोही गेल्यावर नुसतं युनायटेड स्पोर्ट्स क्लब. कोलकात्याचाच क्लब. चिराग युनायटेड केरला नावाचा दुसराच एक संघ होता, त्याच्याशी गल्लत नको.

मांडवीपार

छान लिहिलंत, पण कंपनीवाला संघ मरतोच, हे काही पटलं नाही. आमचा डेंपो बघा. खाणवाल्या घराण्याचा क्लब. २००९ मध्ये घराण्याने खाणधंदा सेसा गोवाला विकला, क्लब मात्र ठेवला. छेत्री त्याच वर्षी आला आणि आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली २००९-१० ची आय-लीग जिंकला. जुनी राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग धरून डेंपोची पाच विजेतेपदं आहेत. आयएसएलला वरची लीग करून आय-लीग खाली ढकलायचं घाटत होतं, तेव्हा २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा तिघेही बाहेर पडले. पाच वेळा जिंकलेल्याने आता दुसऱ्या पंगतीला बसायचं? डेंपो गोव्यात खेळत राहिला, आणि २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परत आला.

चर्चिल ब्रदर्स १९८८ चा, चर्चिल आलेमाव या राजकारण्याच्या नावाचा. छेत्री स्पोर्टिंग लिस्बनकडून उसनवारीवर आला आणि २०१२-१३ ची लीग जिंकून गेला. २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने चर्चिलला आय-लीगचे विजेते ठरवलं, आणि जुलैमध्ये क्रीडा लवादाने ते विजेतेपद इंटर काशीला दिलं. गोव्यात हा विषय काढू नका, जेवण थंड होईल.

निळा_टीशर्ट

धन्यवाद दोघांनाही. परदेशातल्या दोन क्लबांचं काय?

राखीव_गोलकीपर

तिथे तो फारसा खेळलाच नाही. विझार्ड्स २००० चे एमएलएस, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य लीगचे, विजेते, पण छेत्री गेला त्या २०१० साली ते बेसबॉलच्या छोट्या मैदानावर खेळत होते. मोसम संपताच त्यांनी नाव बदलून स्पोर्टिंग कॅन्सस सिटी केलं. दोन वर्षांनी छेत्री खऱ्याखुऱ्या, लिस्बनच्या स्पोर्टिंगमध्ये पोचला. १९०६ चा क्लब, जुझे अल्व्हलादने आजोबांच्या पैशांवर उभा केलेला, फिगो आणि रोनाल्डो घडवलेला. आपला माणूस तिथल्या ब संघात, तोही अशा मोसमात की मुख्य संघ लीगमध्ये सातवा आला, इतिहासातली त्यांची सर्वांत वाईट कामगिरी. वेळ साधणं गोलपुढे जमायचं, करार करताना नाही.

मुंबई सिटीत तो बेंगळुरूकडून उसनवारीवर होता, कारण तेव्हा आयएसएल आणि आय-लीग वेगवेगळ्या महिन्यांत व्हायच्या. २०१५ च्या लिलावात १.२ कोटींची सर्वांत मोठी बोली त्याच्यावरच लागली.

मांडवीपार

आणि बेंगळुरू कोणाचा? जेएसडब्ल्यूचा! २०१३ मध्ये पोलादवाल्यांनी काढला, पहिल्याच मोसमात आय-लीग जिंकला, २०१६ मध्ये एएफसी चषक या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. तोही कंपनीचाच संघ आहे की.

राखीव_गोलकीपर

आहे ना. पण जर्सीवर नाव शहराचं घातलं, पोलादाचं नाही. उद्या मालकांनी कुलूप लावायचं म्हटलं तर बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानातल्या वेस्ट ब्लॉकमधली समर्थक पोरं त्यांना घरी जाऊ देतील का?