सल्ला हवा: दिवे लावले की ट्रॉलरच्या इंजिनचे मीटर चुकतात (खर्च ४००० पर्यंत)

मालीम_जेटी: नमस्कार मंडळी. आमचा लाकडी ट्रॉलर सध्या गोव्यात मालीम जेटीला बांधून आहे. सहा सिलिंडरचं डिझेल, २४ व्होल्ट. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, त्याआधी हे निस्तरायचंय. केबिनचे दिवे लावले की टेंपरेचरचा काटा १००च्या वर चढतो, बंद केले की उतरतो. ऑइल प्रेशरचा काटा इंजिन तापून आयडलिंगला आलं तरी वरच. आरपीएम मीटर मधूनच शून्यावर पडतं. मेस्त्री म्हणतो, आख्खं पॅनल बदला. माझ्याकडे ४००० आहेत, त्याच्यावर जमणार नाही.

खारीवाडा_बोट: मेस्त्री बरोबर बोलतोय. मी जुनं पॅनल काढून डिजिटल स्क्रीन बसवली, ३८ हजार गेले. सगळं एका ठिकाणी दिसतं, आवाजसुद्धा देते. बोट लाखोंची आणि मीटरला ४ हजार?

डिचोलीकर: माझ्या ट्रॅक्टरला हेच झालेलं. मीटर नवीन घातला, संपलं.

इंजिनरूम: मालीम बाब, अजून काही विकत घेऊ नका. दिव्यांबरोबर काटा हलतो म्हणजे मीटर आणि दिवे यांची अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिवला परत जाणारी वायर) एकच आहे आणि ती कुठेतरी खराब झाली आहे. दिव्यांच्या करंटला परत जायला वाट मिळत नाही, म्हणून मीटरच्या अर्थला व्होल्टेज चढतं आणि काटा सरकतो. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिववर आणि दुसरी मीटरच्या मागच्या अर्थ स्क्रूवर लावा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला.

ऑइल प्रेशरचं वेगळं आहे, ते मला जास्त खटकतंय. सेंडरची (इंजिनवर बसवलेला, मीटरला प्रेशर कळवणारा सेन्सर) वायर काढून बघा, मग ती वायर क्षणभर इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा. युरोपियन जातीच्या मीटरला (सेंडर १० ते १८० ओहम) वायर काढली की काटा पूर्ण वर जातो, टेकवली की शून्यावर येतो. अमेरिकन जातीला (२४० ते ३३ ओहम) बरोबर उलटं. तुमचा मीटर पहिल्या जातीचा असेल तर सेंडरची अर्थ सैल झाली की तो प्रेशर जास्तच दाखवणार. इंजिनात ऑइल नसलं तरी काटा वर! हा दोष टेंपरेचरपेक्षा भयंकर.

कुटबण_तांडेल: अर्थिंग तपासा. खाऱ्या हवेत साधी तांब्याची वायर आतून हिरवी-काळी होते, वरून प्लास्टिक नवं दिसतं. टिनचा मुलामा असलेली वायर घ्या, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) नीट दाबून वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. आमच्या जेटीवर तर नुसती चिकटपट्टी गुंडाळतात आणि मग देवाला दोष देतात.

चापोरा_फायबर: करंटची भानगडच नको. मेकॅनिकल मीटर लावा, त्यात ऑइल पाइपने थेट मीटरपर्यंत येतं. माझा गेली कैक वर्षं चाललाय. बॅटरी मेली तरी प्रेशर दाखवतो.

इंजिनरूम: केबिनपर्यंत गरम ऑइलचा पाइप न्यायचा? घासून फुटला तर ऑइल सगळं बिल्जमध्ये, बोटीच्या तळाला. तपासायला तात्पुरता लावा, कायमचा नको.

चापोरा_फायबर: तांब्याचा पाइप क्लिप मारून बसवला तर फुटत नाही. माझा फुटलेला नाही.

खारीवाडा_बोट: डिजिटलला पाइपच नाही.

कुटबण_तांडेल: आरपीएम मीटर बहुतेक बोटींवर डायनॅमोच्या डब्ल्यू टर्मिनलवरून (आरपीएमचा सिग्नल देणारा स्क्रू) बारीक वायरने सिग्नल घेतं. काटा पडताना व्होल्टमीटरही खाली येत असेल तर बेल्ट किंवा डायनॅमो बघा. व्होल्ट २८ च्या आसपास टिकून असेल तर फक्त ती बारीक वायर.

मालीम_जेटी: सगळ्यांचे आभार. दिवे लावून मोजलं, पॅनलच्या अर्थवर १.४ व्होल्ट. पॅनलमागचा एक थिंबल बोट लावताच निघून हातात आला. बॅटरीपासून जाड नवी वायर ओढली, आता दिव्यांना काटा ढिम्म हलत नाही. वायर काढली तर प्रेशरचा काटा वर जातो, म्हणजे युरोपियनच. सेंडर काढला तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळलेली. गेल्या हंगामात कुणीतरी गळती थांबवायला लावली असणार.

इंजिनरूम: हेच! सेंडरला अर्थ त्या आट्यांतूनच मिळते. टेप साफ काढा, तांब्याचा वॉशर टाका. मग मेकॅनिकल मीटर लावून दोन्ही ताडून बघा, तोवर समुद्रात जाऊ नका. टेंपरेचरसाठी थर्मोस्टॅट हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा, पण चकचकीत धातूवर तो कमी दाखवतो, आधी काळी टेप चिकटवा.

डिचोलीकर: म्हणजे मीटर बदलायचा नाही?

मालीम_जेटी: नाही बदलत. शेजारच्या बोटवाल्याचा मेकॅनिकल मीटर मागून लावला, दोन्ही सारखेच दाखवतात. आरपीएमची बारीक वायरही बदलली. डिजिटल नको, पाइपही नको. उरलेल्या पैशांत लो ऑइल प्रेशरचा स्विच, तो सेंडरशेजारी बसवायला टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक मोठा बझर घेतोय. रात्री जाळं ओढताना सगळे मागे असतात, काट्याकडे बघतो कोण? बझर मागच्या डेकवर लावणार.

चापोरा_फायबर: बझरची वायरसुद्धा खारं खाणार. मेकॅनिकलच बरा होता.

कुटबण_तांडेल: स्विचला रबरी टोपी घाला. आणि चावी फिरवल्यावर, इंजिन चालू होण्याआधी बझर वाजलाच पाहिजे. नाही वाजला तर दोर सोडू नका.