दुकानातलं संगीत आणि आपली खात्री

खरेदीबद्दल एकांनी लिहिलंय की दुकानदार काहीही करो, मी ठरवलेलंच घेतो. मला हे पटत नाही. मानसशास्त्रज्ञ एड्रियन नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटात केलेला प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. वाइनच्या फळीपाशी दोन आठवडे आलटून पालटून एक दिवस फ्रेंच, एक दिवस जर्मन संगीत. फ्रेंच सूर चालू असताना ४० बाटल्या फ्रेंच खपल्या, जर्मन फक्त ८. जर्मन सुरांच्या दिवशी फ्रेंच १२, जर्मन २२! आणि (हे वाचून मला खरंच भीती वाटली) ४४ गिऱ्हाइकांना विचारलं, तेव्हा संगीताचा परिणाम झाला असं जेमतेम ६ जणांनी कबूल केलं. म्हणजे आपल्या खात्रीवर किती विसंबायचं? मी आता यादीत नुसतं ‘बिस्किटं’ लिहीत नाही, कुठली आणि किती पुडे तेही घरीच ठरवते.