मदत हवी आहे : अल्को इंजिनाच्या आवाजाची जुनी कॅसेट

माझ्या बाबांनी 1999 साली रत्नागिरी स्टेशनवर टेप केलेली एक कॅसेट परवा माळ्यावर सापडली. त्यात डब्ल्यूडीएम-2 आहे, म्हणजे अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या रचनेचं जुनं डिझेल रेल्वे इंजिन. आधी उभ्या इंजिनाची ती संथ, जराशी अडखळती धग-धग, मग ड्रायव्हर एकेक नॉच (इंजिनाची ताकद वाढवायची पायरी) वाढवतो तशी टर्बोची शिट्टी चढत जाते. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती! हा आवाज ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. 2022 मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि आता गावी गेलं तरी तो कानावर पडत नाही.

अडचण अशी की कॅसेटमधला, टेप प्लेयरच्या हेडवर दाबून धरणारा फेल्टचा छोटा तुकडा निखळलाय, त्यामुळे आवाज मध्येच बसतो. तो घरी चिकटवता येतो का? कुठला गोंद वापरावा? मोबाईलवर घेऊन पाहिलं, तर त्याने खर्जातली घरघर गोंगाट समजून कापूनच टाकली. नेमकी तीच तर हवी आहे! पुण्यात किंवा मुंबईत कॅसेटचं नीट डिजिटल रूपांतर करून देणारं कुणी खात्रीचं माहीत आहे का? टेप एकच आहे, म्हणून हात लावायला भीती वाटते.